गिटची प्रत ताजी ठेवताना: आधी आणा, मग बघा, मग मिसळा

एखाद्या मुक्त सॉफ्टवेअरचा सोर्स कोड हवा असला की नवखा माणूस बहुतेक वेळा झिप डाउनलोड करतो. नुसतं वाचायचं असेल तर झिप पुरते. पण मूळ प्रकल्प थांबून राहत नाही. चार दिवसांनी तिकडे काय बदललं, हे झिपमधून काढलेल्या फोल्डरला कळायचा कुठलाच मार्ग नसतो. मग पुन्हा झिप आणि पुन्हा नवं फोल्डर. तुम्ही मधल्या काळात एखाद्या फाइलीत पाच-दहा ओळी बदलल्या असतील, तर त्या नेमक्या कुठल्या फोल्डरात राहिल्या हेही शोधत बसायचं.

यावरचा उपाय म्हणजे झिपऐवजी क्लोन, म्हणजे गिटने काढलेली इतिहासासकट प्रत. (गिट म्हणजे फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी प्रणाली.) क्लोन एकदाच करायचा असतो, त्यानंतर लागतो तेवढाच फरक आणायचा. हे सगळं खऱ्या उदाहरणावर दाखवतो, आणि उदाहरण घेतो ते गिटच्याच सोर्स कोडचं. तो बहुतांशी सी भाषेत आहे, फार अवाढव्य नाही, त्यात रोज बदल होत असतात. शिवाय त्याच्या काही ब्रँच (कामाच्या वेगवेगळ्या शाखा) मुद्दाम अशा चालवल्या जातात की प्रत ताजी ठेवताना येणाऱ्या बहुतेक अडचणी तिथे भेटतातच.

आज्ञांबद्दल आधीच सांगतो. इथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) त्या इंग्रजी लहान लिपीत टाइप करायच्या, आकडेही इंग्रजी. आडव्या रेघा, टिंबं आणि तिरकी रेघ जशी दिसते तशीच. 'हेड' आणि 'ओरिग_हेड' हे दोन शब्द तेवढे कॅपिटलमध्ये, आणि अगदी शेवटच्या आज्ञेतली तीन अक्षरं.

क्लोन करण्याआधी

मशीनवर गिट आहे का, आणि असेल तर कुठलं, ते बघा:

गिट --व्हर्जन

२.२३ किंवा त्यापुढचं असेल तर उत्तम. ऑगस्ट २०१९च्या या आवृत्तीत 'स्विच' (ब्रँच बदलणं) आणि 'रिस्टोअर' (फाइल पूर्ववत करणं) या आज्ञा आल्या. त्याआधी दोन्ही कामं 'चेकआउट' एकटीच करायची आणि नवशिक्यांचा हमखास गोंधळ व्हायचा. पुढे मी नव्याच आज्ञा वापरल्या आहेत.

गिटचा सोर्स गिटहबवर (असे प्रकल्प ठेवायच्या संकेतस्थळावर) 'गिट' या खात्याखाली, 'गिट' याच नावाच्या रेपोत (प्रकल्पाच्या साठ्यात) आहे. त्या पानावरचं हिरवं 'कोड' बटण दाबा, एचटीटीपीएसचा पत्ता कॉपी करा आणि टर्मिनलमध्ये लिहा:

गिट क्लोन (इथे तो पत्ता)
सीडी गिट

पहिली आज्ञा 'गिट' नावाचं फोल्डर तयार करते आणि सगळा इतिहास खाली उतरवते, दुसरी त्या फोल्डरात नेते. सगळा म्हणजे अगदी पहिल्या कमिटपासून (कमिट म्हणजे नोंदवून ठेवलेला एकेक बदल). लिनक्स कर्नेलचं (त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं) काम त्या काळी बिटकीपर या खासगी प्रणालीवर चालत होतं. २००५मध्ये ती फुकट वापरायची सवलत गेली आणि लिनक्सचे निर्माते लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतःची प्रणाली लिहायला घेतली. ७ एप्रिल २००५चा तो पहिला कमिट आता तुमच्या मशीनवर आहे. 'गिट लॉग --रिव्हर्स' म्हणा, सुरुवातीलाच दिसेल. त्याचा संदेश मजेशीर आहे, स्वतःच वाचा. त्याच वर्षी जुलैत या प्रकल्पाची देखभाल ज्युनिओ हमानो यांच्याकडे आली. पुढे ज्या ब्रँचची नावं येतील, त्या ते चालवतात.

नेट धड नसेल तर

हा भाग मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण हॉस्टेलच्या वायफायवर किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर क्लोन करणारे बरेच जण इथेच अडकतात. क्लोन मध्येच तुटला तर गिट तो पुढे चालू करू शकत नाही. नव्वद टक्क्यांवर नेट गेलं की पुन्हा पहिल्यापासून. अशा वेळी पुन:पुन्हा तीच आज्ञा मारत बसू नका, तुकड्यातुकड्याने उतरवा:

गिट क्लोन --डेप्थ=१ (पत्ता)

यात फक्त शेवटचा कमिट आणि त्याच्या फाइली येतात. याला शॅलो क्लोन म्हणतात. काम तेवढ्यावर सुरू करता येतं. मग नेट बरं असेल तेव्हा इतिहास मागे मागे खणत न्यायचा:

गिट फेच --डीपन=५००

ही आज्ञा हवी तितक्या वेळा चालवा. दरवेळी जे आलं ते पक्कं झालं, पुढचा तुकडा तुटला तरी आधीचं जात नाही. सगळंच हवं झालं की:

गिट फेच --अनशॅलो

इथे एक खोच आहे. 'डेप्थ' दिल्यावर गिट आपण होऊन एकच ब्रँच आणतं, आणि नंतर 'अनशॅलो' केलं तरी बाकीच्या ब्रँच दिसत नाहीत. "माझ्याकडे नेक्स्ट ब्रँचच नाही" अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, क्लोन शॅलो होता का? तसं असेल तर:

गिट रिमोट सेट-ब्रँचेस ओरिजिन '*'
गिट फेच ओरिजिन

तारका अवतरणचिन्हांत ठेवायची, नाहीतर टर्मिनल तिचा भलताच अर्थ लावतं.

दुसरा एक मार्ग आहे. क्लोन करताना '--फिल्टर=ब्लॉब:नन' दिलं तर कमिटचा इतिहास पूर्ण येतो, पण जुन्या फाइलींचा मजकूर लागेल तेव्हाच आणला जातो. जुना इतिहास चाळायचा आहे आणि डेटाही वाचवायचा आहे, अशांना हा पर्याय शॅलोपेक्षा बरा. अट एकच, जुनं काही उघडताना नेट चालू हवं.

'ओरिजिन/मास्टर' कुठे असतो?

याचं उत्तर नीट बसलं की पुढचं निम्मं काम सोपं होतं. ज्या पत्त्यावरून क्लोन केला त्याला गिट 'ओरिजिन' हे नाव देतं. 'मास्टर' ही तुमच्या मशीनवरची मुख्य ब्रँच. आणि 'ओरिजिन/मास्टर'? नावावरून वाटतं ती सर्व्हरवरची ब्रँच. पण ती तुमच्याच मशीनवर असते. शेवटचं फेच (सर्व्हरवरचं नवीन आणणं) झालं तेव्हा सर्व्हरवरची मास्टर कुठे होती, याची ती नोंद आहे. कालच्या पेपरातला कांद्याचा भाव खोटा नसतो, पण तो कालचा असतो, तसंच हे.

म्हणूनच 'गिट स्टेटस' जेव्हा म्हणतं की तुमची ब्रँच 'ओरिजिन/मास्टर'च्या बरोबरीला आहे, तेव्हा त्यावर लगेच निश्चिंत होऊ नका. ती आज्ञा नेटवर जातच नाही. ती तुमच्या मास्टरची तुलना या नोंदीशी करते आणि नोंद महिन्याभरापूर्वीची असू शकते. मी नव्या मुलांना शिकवताना सगळ्यात जास्त वेळ याच वाक्यावर घालवतो.

आणा

गिट फेच ओरिजिन

फेचने तुमच्या फाइलींना, तुमच्या ब्रँचला, तुम्ही अर्धवट सोडलेल्या कामाला धक्का लागत नाही. फक्त नवे कमिट येतात आणि 'ओरिजिन/'ने सुरू होणाऱ्या नोंदी पुढे सरकतात. त्यामुळे फेच बिनधास्त, कधीही, कितीही वेळा करा. ऑफिसात चहाला उठताना केलं तरी चालेल.

त्याने छापलेलं मात्र वाचायची सवय लावा. प्रत्येक ब्रँचची एक ओळ येते: जुन्या कमिटचा क्रमांक, दोन टिंबं, नव्या कमिटचा क्रमांक, मग ब्रँचचं नाव. दोन टिंबं म्हणजे इतिहास सरळ पुढे गेला. एखाद्या ओळीच्या सुरुवातीला अधिकचं चिन्ह, मध्ये तीन टिंबं आणि शेवटी 'फोर्स्ड अपडेट' दिसलं तर त्या ब्रँचचा इतिहास तिकडे नव्याने लिहिला गेला आहे. गिटच्या रेपोत 'सीन' (इंग्रजीत 'पाहिलेलं') ब्रँचसमोर हे नेहमी दिसेल. घाबरू नका, त्याकडे पुढे येतोच.

मूळ रेपोतून काढून टाकलेल्या ब्रँचच्या नोंदी तुमच्याकडे साचत जातात. अधूनमधून 'गिट फेच --प्रून' केलं की त्या साफ होतात. तुमच्या स्वतःच्या ब्रँचना प्रून हात लावत नाही.

बघा

आता नवीन काय आलं ते मिसळण्याआधी बघायचं:

गिट लॉग --वनलाइन हेड..ओरिजिन/मास्टर

'हेड' म्हणजे तुम्ही आत्ता ज्या कमिटवर आहात तो. अर्थ असा: जे 'ओरिजिन/मास्टर'मध्ये आहे पण माझ्याकडे नाही, ते दाखव. उलट क्रमाने, म्हणजे 'ओरिजिन/मास्टर..हेड' लिहिलं तर माझ्याकडे आहे पण तिकडे नाही ते दिसतं. ही दुसरी यादी रिकामी असली पाहिजे. का, ते थोड्याच वेळात.

बऱ्याच दिवसांनी फेच केलं असेल तर ही यादी पानंच्या पानं जाते. गिटच्या प्रकल्पात प्रत्येक काम वेगळ्या ब्रँचवर तयार होतं आणि पूर्ण झालं की मास्टरमध्ये मर्ज होतं, म्हणजे मिसळलं जातं. त्यामुळे सुटे कमिट वाचण्यापेक्षा फक्त मर्ज वाचले की चित्र लवकर कळतं:

गिट लॉग --फर्स्ट-पेरेंट हेड..ओरिजिन/मास्टर

इथे मी 'वनलाइन' मुद्दाम काढलं. या प्रकल्पात बहुतेक मर्जच्या संदेशात त्या कामाचं दोन-तीन ओळींचं सार असतं. दुसऱ्या प्रकल्पात हे सुख मिळेलच असं नाही. मर्जमधल्या ब्रँचच्या नावात तिरक्या रेघेआधी दोन अक्षरं दिसतील, ती सहसा काम करणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरं असतात.

कोणत्या फाइली बदलल्या तेवढंच हवं असेल तर:

गिट डिफ --स्टॅट हेड ओरिजिन/मास्टर

तुम्ही ज्या फाइलीवर काम करताय ती या यादीत आहे का, एवढी नजर टाका. असेल, तर पुढे थोडं काम पडणार हे आधीच कळतं.

मिसळा

तुम्ही मास्टरवर आहात आणि मास्टरवर तुमचा स्वतःचा एकही कमिट नाही, असं धरून चालू:

गिट स्विच मास्टर
गिट मर्ज --एफएफ-ओन्ली ओरिजिन/मास्टर

एफएफ म्हणजे फास्ट-फॉरवर्ड. तुमची ब्रँच मागे आहे, पण त्याच रस्त्यावर आहे, मग तिला नुसतं पुढे सरकवायचं. यात नवा मर्ज कमिट तयार होत नाही आणि कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोन्हीकडून बदल झाल्याने होणारा पेच) येण्याचा प्रश्नच नसतो. 'ओन्ली' म्हटल्यामुळे हे जमत नसेल तर गिट काहीही न करता थांबतं. हे थांबणं तुमच्या फायद्याचं आहे. मास्टरवर तुमचे काही कमिट पडलेत, हे तेव्हाच कळतं.

मग 'गिट पुल' कशाला आहे? पुल म्हणजे फेच आणि मर्ज एका दमात. सबव्हर्जन या जुन्या प्रणालीतून आलेले लोक पुलकडे 'एसव्हीएन अपडेट'सारखं बघतात, आणि तिथेच फसतात. सबव्हर्जनमध्ये, त्याआधी सीव्हीएसमध्ये, तुमचे कमिट न केलेले बदल आणि सर्व्हरचे बदल थेट फाइलींमध्ये एकत्र व्हायचे. गिटमध्ये एकत्र होतात ते दोन इतिहास. पुल मारला, तिकडे आणि इकडे दोन्हीकडे कमिट होते, म्हणून एक मर्ज कमिट तयार झाला, मजकूर लिहायचा संपादक (एडिटर) उघडला, त्यात काय लिहायचं कळेना, कशीतरी खिडकी बंद केली. असं पाच-सहा वेळा झालं की मास्टरचा इतिहास गुंतवळ होतो आणि तो माणूस "गिट फार अवघड आहे" असं सांगत फिरतो.

पुल वापरायचंच असेल, आणि रोजच्या कामात ते सोयीचं आहेच, तर एकदा ही सेटिंग करून ठेवा:

गिट कॉन्फिग --ग्लोबल पुल.एफएफ ओन्ली

यानंतर साधा 'गिट पुल'ही सरळ पुढे सरकता आलं तरच सरकतो, नाहीतर थांबतो. सुरुवातीचे काही महिने तरी मी फेच आणि मर्ज सुटेच करायला सांगतो. बघायची पायरी पुलमध्ये गळून जाते, आणि तीच तर शिकायची असते.

काय आलं हे मिसळल्यानंतर बघायची आठवण झाली, तरी सोय आहे. मर्जच्या आधी ब्रँच जिथे होती ती जागा गिट 'ओरिग_हेड' या नावाने लक्षात ठेवतं. 'गिट लॉग ओरिग_हेड..हेड' म्हणा.

फाइली बदललेल्या असतील तर

मर्ज करायला गेलात आणि गिटने फाइलींची नावं देऊन सांगितलं की तुमचे स्थानिक बदल पुसले जातील, आधी कमिट करा नाहीतर स्टॅश करा (तात्पुरते बाजूला ठेवा). आणि शेवटी 'अबॉर्टिंग'. हा संदेश पहिल्यांदा पाहिला की वाटतं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, गिटने तुमचं काम वाचवलेलं असतं. आधी बघा की बदल आहे तरी काय:

गिट डिफ

कित्येकदा ती नुसती चाचणीसाठी घातलेली छपाईची ओळ निघते. नको असेल तर 'गिट रिस्टोअर' आणि पुढे फाइलीचं नाव. हा बदल मात्र कायमचा जातो, कमिट झालेला नसल्यामुळे गिटकडे त्याची कुठेच नोंद नसते. म्हणून डिफ पाहिल्याशिवाय रिस्टोअर नाही.

बदल हवा आहे पण अर्धवट आहे, तर स्टॅश:

गिट स्टॅश पुश
गिट मर्ज --एफएफ-ओन्ली ओरिजिन/मास्टर
गिट स्टॅश पॉप

तुम्ही नव्याने तयार केलेल्या, गिटला अजून माहीत नसलेल्या फाइली स्टॅश उचलत नाही. त्याही हव्या असतील तर 'पुश'नंतर '-यू' जोडा. पॉप करताना कॉन्फ्लिक्ट आला तर स्टॅश काढून टाकला जात नाही, तो यादीत तसाच राहतो. कॉन्फ्लिक्ट सोडवून, सगळं ठीक दिसल्यावर, 'गिट स्टॅश ड्रॉप'ने तो आपण काढायचा. 'गिट स्टॅश लिस्ट'मध्ये डझनभर निनावी स्टॅश साठलेले मी पाहिले आहेत, त्यातलं कशात काय आहे हे मालकालाही सांगता येत नाही. अर्ध्या दिवसापेक्षा जास्त टिकणारं काम असेल तर स्टॅशच्या भानगडीत न पडता सरळ स्वतःची ब्रँच काढा.

स्वतःची ब्रँच

एकच पथ्य पाळा, मास्टरवर कधीच कमिट करू नका. मास्टर ही तिकडच्या मास्टरची आरशासारखी प्रत राहू द्या. मघाशी दुसरी यादी रिकामी हवी म्हटलं ते यासाठीच. तुमचं काम दुसरीकडे:

गिट स्विच -सी माझं-काम

(ब्रँचचं नाव देवनागरीत दिलं तरी गिटची हरकत नसते. पण बाकीच्या साधनांचा भरवसा नाही, रोमनमध्येच द्या.)

यावर हवे तेवढे कमिट करा. तिकडे मास्टर पुढे गेला की तुमचं काम नव्या मास्टरवर आणून ठेवायचं:

गिट फेच ओरिजिन
गिट रिबेस ओरिजिन/मास्टर

रिबेस तुमचे कमिट एकेक उचलून नव्या मास्टरच्या टोकावर पुन्हा लावतं. एखादा बसला नाही की थांबतं आणि फाइलीत खुणा घालतं: सात डावीकडे उघडणारे कोन, मध्ये सात बरोबरचिन्हं, शेवटी सात उजवीकडचे कोन. बरोबरचिन्हांच्या वरचा भाग कोणाचा? सहज वाटतं 'हेड' म्हणजे आपला. रिबेसमध्ये ते उलट असतं. गिट त्या क्षणी नव्या मास्टरवर उभं असतं, म्हणून वरचा भाग मास्टरचा आणि खालचा तुमचा. हे लक्षात नसलं की लोक स्वतःचंच काम पुसून मोकळे होतात. दोन्ही बाजू वाचा, हवा तो मजकूर ठेवा, खुणांच्या ओळी काढा, आणि:

गिट ॲड (फाइलीचं नाव)
गिट रिबेस --कंटिन्यू

डोकं चालेनासं झालं तर 'गिट रिबेस --अबॉर्ट'. सगळं रिबेस सुरू करण्याआधी होतं तसं होतं, त्यात कमीपणा काही नाही.

एक अट आहे. त्या ब्रँचवर दुसरं कोणीही काम करत असेल तर रिबेस करू नका. रिबेसने कमिटचे क्रमांक बदलतात, म्हणजे तुमच्या सोबत्याच्या दृष्टीने इतिहास पालटतो. तिथे मर्जच बरा.

चुकून मास्टरवरच कमिट केले असतील तर? आधी ते एका नव्या ब्रँचमध्ये सुरक्षित ठेवा, मग मास्टर मागे न्या:

गिट ब्रँच वाचवलेलं
गिट स्टेटस
गिट रिसेट --हार्ड ओरिजिन/मास्टर

मधलं स्टेटस गाळू नका. 'रिसेट --हार्ड' कमिट न केलेले बदल न विचारता उडवतं आणि ते परत येत नाहीत. कमिट झालेलं मात्र सहसा सापडतं. 'गिट रिफ्लॉग' म्हटलं की ब्रँचचं टोक कुठे कुठे होतं त्याची यादी मिळते. कुठल्याच ब्रँचमध्ये न उरलेल्या कमिटच्या नोंदी, काही वेगळं ठरवलं नसेल तर, ३० दिवस टिकतात. तेवढ्या मुदतीत क्रमांक शोधा आणि 'गिट ब्रँच'ला नव्या नावापुढे तो क्रमांक द्या.

इतिहास बदलणाऱ्या ब्रँच

आता 'फोर्स्ड अपडेट'कडे. गिटच्या रेपोत मुख्य ब्रँच चार: मेन्ट, मास्टर, नेक्स्ट आणि सीन. मेन्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीच्या दुरुस्त्या. मास्टरमध्ये पुढच्या आवृत्तीसाठी पक्कं झालेलं. नेक्स्टमध्ये मास्टरला जाण्याआधी पारखायला ठेवलेलं. आणि सीनमध्ये नेक्स्टसकट बाकी विचाराधीन असलेलं बरंच काही. सीनचं नाव २०२०पर्यंत 'पीयू' होतं, जुन्या लेखांत ते भेटेल. 'टूडू' नावाची ब्रँचही दिसेल, तिच्यात देखभालीची टिपणं आहेत, सोर्स नाही.

मेन्ट आणि मास्टर सरळ पुढे जातात. नेक्स्ट एरवी सरळ जाते, मोठी आवृत्ती निघाल्यावर ती नव्याने रचली जाते. सीन तर सतत पहिल्यापासून बांधली जाते, आज तिच्यात असलेला एखादा बदल उद्या नसेलही. त्यामुळे तुमच्याकडे 'सीन' नावाची ब्रँच ठेवून तिच्यावर पुल मारण्यात अर्थ नाही. एफएफ होणार नाही, आणि जबरदस्तीने मर्ज केला तर कालची सीन आणि आजची सीन यांची खिचडी होईल. नुसती बघायची किंवा चालवून पाहायची असेल तर स्वतःची ब्रँच न काढता थेट नोंदीवर जा:

गिट फेच ओरिजिन
गिट स्विच --डिटॅच ओरिजिन/सीन

गिट सांगेल की हेड सुटं आहे, म्हणजे तुम्ही कुठल्याच ब्रँचवर नाही. असू द्या. काम झालं की 'गिट स्विच मास्टर'. तुमचं स्वतःचं काम सीनवर बेतू नका, उद्या पायाच हललेला असेल. मास्टरवरून ब्रँच काढा.

प्रसिद्ध झालेली ठरावीक आवृत्ती हवी असेल तर टॅग (एखाद्या कमिटला दिलेली नावं) वापरा, ते हलत नाहीत. 'गिट स्विच --डिटॅच व्ही२.४५.०' म्हटलं की एप्रिल २०२४च्या त्या आवृत्तीवर पोचलात. आपण आत्ता कुठे आहोत हे 'गिट डिस्क्राइब' सांगतं: आधी जवळच्या टॅगचं नाव, मग त्यापुढे किती कमिट झाले तो आकडा, मग 'जी' आणि त्याला जोडून कमिटचा छोटा क्रमांक. कुणाला बग सांगायचा असेल तर ही ओळ आधी द्या.

फोर्क केला असेल तर

गिटहबवर फोर्क (आपल्या खात्यात मूळ रेपोची प्रत) करून त्या फोर्कचा क्लोन केला असेल तर तुमचं ओरिजिन म्हणजे तुमचा फोर्क. तो आपोआप ताजा होत नाही, त्यामुळे कितीही फेच करा, नवीन काही येत नाही. मूळ रेपोची ओळख वेगळी करून द्यावी लागते:

गिट रिमोट ॲड अपस्ट्रीम (मूळ रेपोचा पत्ता)
गिट फेच अपस्ट्रीम

इथून पुढे वरच्या आज्ञांत जिथे 'ओरिजिन/मास्टर' आहे तिथे 'अपस्ट्रीम/मास्टर'. मास्टर ताजा झाला की 'गिट पुश ओरिजिन मास्टर'ने फोर्कही बरोबरीला आणा. गिटहबच्या पानावरचं 'सिंक फोर्क' बटण फक्त तिकडचा फोर्क पुढे सरकवतं. तुमच्या मशीनवर फेच करावंच लागतं. कोणता पत्ता कोणाचा हे विसरलात तर 'गिट रिमोट -व्ही'.

काही प्रकल्पांच्या पोटात दुसरे रेपो असतात, त्यांना सबमॉड्यूल म्हणतात. तिथे मास्टर पुढे सरकवल्यावर 'गिट सबमॉड्यूल अपडेट --इनिट --रिकर्सिव्ह' करावं लागतं. अपडेटनंतर अचानक बिल्ड (सोर्सपासून प्रोग्राम बांधणं) फुटला आणि एखादी फाइल सापडत नाही म्हणाला, तर आधी हे करून बघा.

ताजं झालं, पुढे?

सोर्स ताजा झाला म्हणजे प्रोग्राम ताजा झाला नाही. तो पुन्हा बांधावा लागतो. सी कंपायलर, मेक (बांधणी चालवणारं साधन), आणि झेडलिब, कर्ल, एक्स्पॅट या लायब्ररींच्या विकासासाठीच्या फाइली मशीनवर असतील तर गिटच्या फोल्डरात:

मेक

पहिल्यांदा वेळ लागतो, नंतर कमी. मर्ज करताना गिट फक्त बदललेल्या फाइलींनाच हात लावतं, त्यामुळे मेकही त्यांच्यावर अवलंबून असलेलंच पुन्हा बांधतं. तयार झालेलं गिट इन्स्टॉल न करता 'बिन-रॅपर्स' फोल्डरातून चालवून बघता येतं. 'मेक इन्स्टॉल' केलंत तरी, दुसरी जागा सांगितली नसेल तर, ते तुमच्या होम फोल्डरात बसतं, मशीनवरच्या मूळ गिटला धक्का लागत नाही.

मास्टर आणि नेक्स्टमध्ये सारखं येजा करायचं असेल तर प्रत्येक वेळी फाइली बदलतात आणि मेक पुन्हा राबतो. त्यापेक्षा दुसरं फोल्डर मांडा:

गिट वर्कट्री ॲड ../गिट-नेक्स्ट ओरिजिन/नेक्स्ट

इतिहास एकच, दुसऱ्यांदा डाउनलोड नाही, फोल्डर दोन. फेच एकीकडे केलं की दोन्हीकडे कळतं. नेक्स्टच्या फोल्डरात तेवढं 'गिट स्विच --डिटॅच ओरिजिन/नेक्स्ट' करून पुढे जायचं. नको झालं की 'गिट वर्कट्री रिमूव्ह'.

बांधून होईपर्यंत वाचायला काहीतरी हवं असेल तर फोल्डराच्या अगदी वरच्या पातळीवर 'रेलनोट्स' नावाची फाइल आहे. ती तयार होत असलेल्या आवृत्तीच्या टिपणांकडे नेते आणि प्रत्येक फेरीत तिच्यात भर पडत जाते. मागच्या वेळेपासून नेमकी काय भर पडली ते हवं असेल, तर मर्जनंतर लगेच:

गिट डिफ ओरिग_हेड हेड -- डॉक्युमेंटेशन/रेलनोट्स

'डॉक्युमेंटेशन'चा 'डी' आणि 'रेलनोट्स'मधले 'आर' व 'एन' कॅपिटल लिहायचे, नाहीतर काहीच छापलं जाणार नाही.